धुक्याच्या पहाटे तीन किलोमीटरवर बंद पडणारी जुनी गाडी: कारण आणि इलाज

त्रास नेमका असा. पहाटे गाडी व्यवस्थित सुरू होते. चोक ओढला, दोन-तीन किका मारल्या की फायरिंग येतं. घरून निघून कॅनॉलचा रस्ता धरला की साधारण तीन-साडेतीन किलोमीटरवर दम सोडायला लागते. आधी वाटतं, रिझर्व्हला आली. कॉक फिरवून बघावा तर फरक नाही. रेस वाढवली तर गाडी पळायच्या ऐवजी भकभक करून आणखी बसते. मग इंजिन बंद. किक मारून मारून पाय भरून येतो, पण ढिम्म हालत नाही. वैतागून बांधावर बसावं आणि पाच-सात मिनिटांनी सहज म्हणून एक किक मारावी, तर पहिल्याच किकला सुरू! पुढचे चार किलोमीटर तक्रार नाही. दुपारी तीच गाडी पिंपळगावच्या बाजारात जाऊन येते, तरी काही नाही.

हे मी तीन हिवाळे सोसलं. चौथ्या हिवाळ्यात कारण सापडलं. तीन वर्षं मी चुकीच्या ठिकाणी पैसे कसे घातले तेही यात सांगतो, कारण बाकीचेही तेच करत असणार.

गाडी बावीस वर्षांची. शंभर सीसी, चार गिअर, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुना भाग असलेली), वडिलांच्या हातची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा धुराचा नियम आला आणि जवळपास सगळ्या नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. त्यांना हा आजार होत नाही. का होत नाही ते पुढे येईलच. पण आमच्या निफाड तालुक्यात वस्तीवरून मळ्यात जायला आजही निम्म्या घरांत कार्बोरेटरवालीच गाडी आहे. पहाटे चारला जायची हौस कुणाला नसते. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की गारठ्यात उठून मोटर चालू करायला जावंच लागतं. जानेवारीत बागेत मणी फुगवणीला आलेले असतात, पाणी चुकवून चालत नाही.

आता मी काय काय बदललं ते.

पहिल्या वर्षी प्लग. मग प्लगची कॅप. मग गॅरेजमध्ये कार्बोरेटर खोलून साफ केला, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, हवा मारली. मिस्त्री सकाळी अकराला दुकान उघडतो. अकराला गाडी नेली की ती सोन्यासारखी चालते. तो तिच्यावर बसून चौकापर्यंत चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "भाऊ, गाडीला काय नाय झालेलं. तुमच्या मनात बसलंय." दुसऱ्या वर्षी प्लगला करंट देणारी इग्निशन कॉईल आणि सीडीआय (ठिणगी वेळेवर पाडणारा डबा) दोन्ही बदलले. कुणीतरी सांगितलं होतं, 'गरम झाल्यावर कॉईल करंट सोडते, थंड झाली की परत पकडते.' ऐकायला अगदी पटतं. बंद पडते, थांबलं की सुरू होते, म्हणजे कॉईलच. पण एक साधी गोष्ट मी विचारातच घेतली नाही. कॉईल गरम होऊन दगा देणार असेल तर ती मे महिन्यात द्यायला हवी. पहाटे साडेचारला, दहा अंशात, तीन किलोमीटरमध्ये कसली गरम होते!

तिसऱ्या वर्षी एक खोटा विजय मिळाला. गाडी बंद पडली तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून टाकीचं झाकण उघडलं, तर आत हवा शिरल्याचा 'फुस्स' आवाज आला. झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा होता. झाकणाचा रबर गेला होता आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मीच तो पावसाळ्यात लावला होता. झाकणाला बारीक हवेचं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली जाताना टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि गाडी काही किलोमीटरवर अगदी याच पद्धतीने बंद पडते. प्लास्टिक काढलं, नवा रबर टाकला. आठवडाभर गाडी बंद पडली नाही. मी दहा जणांना सांगितलं की सापडलं. नवव्या दिवशी पहाटे, त्याच ठिकाणी, परत बंद. झाकण उघडलं, या वेळी फुस्स नाही.

तो आठवडा का बरा गेला होता, ते मला वर्षभराने कळलं.

फवारणीच्या वहीनं सांगितलं

द्राक्षवाल्याकडे फवारणीची वही असतेच. तारीख, कोणतं औषध, किती लिटर पाणी, आणि बाजूला हवामान: सकाळचं किमान तापमान, आर्द्रता, पानावर दव किती वाजेपर्यंत टिकलं. दव जास्त वेळ राहिलं की डावणी या बुरशीच्या रोगाचा धोका, म्हणून ती नोंद आम्ही चुकवत नाही. चौथ्या हिवाळ्यात मी त्याच वहीत पेन्सिलने 'गाडी' असं लिहायला लागलो, बंद पडली त्या त्या तारखेला. हिशेबासाठी नव्हे, रागाने.

डिसेंबरअखेर वही चाळताना दिसलं की ज्या सकाळी थंडी सगळ्यात जास्त होती, पाच अंश, साडेपाच अंश, त्यातल्या एकाही दिवशी 'गाडी' लिहिलेलं नाही. उलट आठ ते बारा अंशांच्या सकाळी सगळ्या नोंदी, आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे 'दव भरपूर' किंवा 'धुकं'. म्हणजे कडाक्याच्या कोरड्या थंडीत गाडी शहाण्यासारखी चालते आणि जरा उबदार पण ओल्या सकाळी बंद पडते. तो खोट्या विजयाचा आठवडा मागे जाऊन बघितला, तर उत्तरेचे कोरडे वारे होते, दव शून्य. प्लास्टिक काढण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. (प्लास्टिक काढायलाच हवं होतं, तो भाग वेगळा.)

आमचा रस्ता कॅनॉलच्या कडेने जातो, दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढे नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीकडचा सखल भाग. धुकं तिथंच साचतं. तीन किलोमीटरचं कोडं सुटलं. अंतर गाडीचं नव्हतं, रस्त्याचं होतं.

मग पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा एकही किक मारली नाही. लगेच खाली बसून मोबाईलच्या उजेडात कार्बोरेटर बघितला. बाहेरून पूर्ण ओला, आणि इंजिनकडच्या बाजूला, जिथं तो इनलेट पाईपला जोडतो तिथं, पांढरा खरखरीत थर. नखाने खरवडला तर बर्फ. फ्रीझरच्या भिंतीवर धरतो तसा. बाहेर नऊ अंश होते. शेजारी सिलेंडर हात लावता येणार नाही इतका गरम, आणि त्याच्यापासून वीतभरावर बर्फ!

नऊ अंशांत बर्फ कुठून येतो

हाताला स्पिरिट लावलं की गार वाटतं. पेट्रोलचं तसंच. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, आणि कार्बोरेटरच्या नळीत तर ते सतत वाफ होत असतं. त्यात हवा अरुंद जागेतून वेगाने जाते, दाब उतरतो, तापमान आणखी खाली जातं. सगळं मिळून आतल्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर दहा असेल तर आत शून्याच्या बरंच खाली. त्या हवेत ओलावा असला की तो स्लायडरच्या (रेस पिळली की वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) कडेला आणि आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटच्या तोंडाशी गोठतो. भोकं आधीच केसाएवढी. थर धरला की आधी आयडलिंग जातं, मग अर्ध्या रेसवरचा दम, मग सगळंच.

बंद पडल्यावर काय होतं? थंड हवा आणि पेट्रोल दोन्ही थांबतात. इंजिनची उष्णता इनलेट पाईपमधून हळूहळू कार्बोरेटरकडे सरकते. पाच-सात मिनिटांत बर्फ वितळतो, त्याचं थोडंसं पाणी इंजिन सहज गिळतं. म्हणून पहिल्या किकला सुरू. म्हणूनच गॅरेजमध्ये पोचेपर्यंत पुरावा शिल्लक राहत नाही. मिस्त्रीची चूक नव्हती. तो अकरा वाजता जे दिसतं तेच बघत होता.

कडाक्याच्या थंडीत का होत नाही, तेही यातच आहे. हवा जितकी गार तितकी ती पाण्याची वाफ कमी धरते. वीस अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, दहा अंशांना साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, पाचला सात ग्रॅमपेक्षाही कमी. त्यात कोरडे वारे असले तर तेवढीही नसते. गोठायला पाणीच नाही तर बर्फ कशाचा होणार?

विमानवाल्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांत कार्बोरेटरला गरम हवा देणारा वेगळा दांडा असतो आणि कधी ओढायचा हे वैमानिकाला पाठ असतं. ओल्या थंडीच्या देशांत विकल्या गेलेल्या काही मोटरसायकलींच्या कार्बोरेटरला छोटे हीटर लावलेले असायचे. आपल्याकडे त्याची गरज कुणाला वाटली नाही, आणि बहुतेक ठिकाणी ती नाहीच. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाने थेट इंजिनच्या तोंडाशी, गरम भागाजवळ फवारलं जातं. थ्रॉटलच्या अरुंद जागेतून नुसती हवा जाते. त्यामुळे तिथं एवढा गारठा तयार होत नाही.

इथेनॉलचं थोडं. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते. म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल वाफ होताना साध्या पेट्रोलपेक्षा जास्त गार करतं. आता बाजूच्या उसाचंच इथेनॉल टाकीत येतं आणि त्याच उसातल्या धुक्यात गाडी बंद पडते, याला कुणाला दोष द्यायचा! इथेनॉल टाकीतल्या थोड्याफार पाण्याला स्वतःत मुरवून घेतं हे खरं. पण हा बर्फ पेट्रोलमधल्या पाण्याचा नाही, हवेतल्या पाण्याचा आहे.

तुमची गाडी याच कारणाने बंद पडते का

लगेच इलाजाला लागू नका. बंद पडून पाच मिनिटांनी सुरू होण्याची तीन-चार कारणं आहेत आणि ओळखायची संधी फक्त त्या पाच मिनिटांत मिळते. घरी आणून काही कळत नाही. बरोबर टॉर्च, प्लगपाना, स्क्रू ड्रायव्हर आणि एक पारदर्शक बाटली ठेवा.

बंद पडल्या क्षणी कार्बोरेटरला हात लावा. बर्फासारखा गार आणि ओला असेल, पांढरा थर दिसत असेल, तर उत्तर मिळालं. थर आतच असला आणि बाहेर फक्त ओल दिसली तरी संशय पक्का धरा. या एका गोष्टीला पहिला नंबर, कारण हा पुरावा वितळतो, बाकीचे थांबतील.

मग टाकीचं झाकण. फुस्स आवाज आला आणि उघडल्यावर लगेच गाडी सुरू झाली तर हवेचं भोक बघा. हा दोष ऋतू बघत नाही, दुपारीही होतो. टाकी भरलेली असताना लवकर, रिकामी असताना उशिरा, कारण भरलेल्या टाकीत हवा कमी असते आणि पोकळी पटकन तयार होते.

तिसरं, कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटली धरा. इंजिन गरम असतं, पेट्रोल सायलेन्सरवर सांडू देऊ नका. पेट्रोल आलंच नाही किंवा ठिबकलं, तर कॉकची जाळी किंवा फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल सोडणारी) अडकली असेल. आलं तर बाटली स्थिर ठेवून तळ बघा. खाली वेगळा थर किंवा पाण्याचे गोळे दिसले तर टाकीत पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उघड्यावर राहिली की आत दव धरतं आणि जुन्या टाकीत गंजही. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी मुरतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, आणि कॉक तर तळातूनच ओढतो. हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवावी ती याचसाठी.

करंट शेवटी तपासा. प्लग काढून कॅपला लावा, लोखंडाला टेकवा, किक मारा. त्याआधी बाटली बंद करून लांब ठेवा, ड्रेन स्क्रू आवळा, टाकीचं झाकण लावा, सांडलेलं वाळू द्या. निळी कडक ठिणगी आली तर करंटचा नाद सोडा. माझे कॉईल आणि सीडीआय मिळून गेलेले पैसे ही एक किक मारली असती तर वाचले असते. जुने दोन्ही अजून कपाटात आहेत, उत्तम चालू.

इलाज

बर्फ दिसल्यावर मी आधी उलट्या दिशेला गेलो. वाटलं थंडी आहे, तर चोक जास्त वेळ ठेवावा. अर्धा चोक ओढून कॅनॉलवरून गेलो तर तीनच्या ऐवजी दोन किलोमीटरवर बंद. चोक म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त वाफ, म्हणजे आणखी गारवा. चोक फक्त सुरू करायला. इंजिनने आयडलिंग धरलं की तो पूर्ण बंद झाला पाहिजे. जुन्या गाडीत चोकचा दांडा अर्ध्यात अडकतो, तेवढं हाताने बघून घ्या.

खरं मूळ निघालं ॲव्हरेजमध्ये. तीन वर्षांपूर्वी कार्बोरेटरला ॲव्हरेजचं सेटिंग करून घेतलं होतं. आयडलिंग अगदी खाली, मिश्रण कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. लिटरला पाच-सात किलोमीटर वाढले आणि मी खूश. त्याच हिवाळ्यापासून हा त्रास सुरू झाला हे मला कधी जोडताच आलं नाही. आयडलिंग खाली म्हणजे स्लायडर जवळजवळ मिटलेला, फट बारीक. थोडा बर्फ धरला तरी बुजते. मिश्रण कोरडं म्हणजे जेटला जराही अडथळा सोसत नाही. सेटिंग नीट असलेल्या गाडीत तोच बर्फ धरतो, पण गाडी कुरकुरत का होईना पुढे जाते.

आयडलिंग या शंभर सीसीच्या इंजिनांना साधारण १,४०० आरपीएम लागतं. मीटर नसतोच, तेव्हा गाडी पूर्ण गरम असताना हेडलाईट आणि इंडिकेटर दोन्ही लावून आवाज न डगमगता टिकला पाहिजे, एवढी माझी खूण. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत आवळला की पेट्रोल वाढतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर सोडला की वाढतं. उलट फिरवून बसलेल्या गाड्या मी बघितल्यात. आधी स्क्रू हलकेच आत टेकवून किती वेढे होते ते मोजून लिहून ठेवा, मग पाव-पाव वेढा फिरवा आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा. मी अर्धा वेढा पेट्रोल वाढवलं. ॲव्हरेज थोडं खाली आलं. चालेल.

एवढ्याने त्रास निम्मा झाला. उरलेला निम्मा वाऱ्याचा. पायाजवळचा गार वारा कार्बोरेटरवर सरळ बसतो आणि इंजिनकडून येणारी ऊब उडवून नेतो. मी रिकाम्या ऑईलच्या डब्याचा तळहाताएवढा पत्रा कापला, कडा दुमडल्या, आणि कार्बोरेटरच्या पुढे, सिलेंडरच्या मागे, दोन क्लिपांनी असा बसवला की वारा अडेल पण सिलेंडरच्या पट्ट्यांवरचा वारा मोकळा राहील. पट्ट्या झाकायच्या नाहीत, तिथून इंजिन थंड होतं. ॲक्सिलेटरच्या केबलला तो घासत नाही हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं. ओबडधोबड दिसतं. धाकटा म्हणतो, "पप्पा, गाडीला पट्टी बांधलीय का?"

कापड, गोणपाट, थर्माकोल असलं काही कार्बोरेटरभोवती गुंडाळू नका. तिथं पेट्रोल पाझरतं आणि सायलेन्सर लांब नाही. गाडीखाली शेकोटी पेटवून इंजिन तापवणारे महाभागही आमच्याकडे आहेत. टाकी वर आहे, एवढंच बोलतो. उकळतं पाणी ओतण्याचाही सल्ला मिळेल. पाणी फिल्टरमध्ये जातं, कनेक्टरमध्ये जातं, आणि घरी परत आल्यावर नवाच आजार निघतो.

सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर ठेवतो, रेस न करता. तोपर्यंत मफलर, कानटोपी, हेल्मेट, हातमोजे होतात. पहिला किलोमीटर सावकाश, पण फार खालच्या रेसवर रेंगाळत नाही. इनलेट पाईप कोमट लागला की मग धुक्यात शिरायचं. आधी मी काय करायचो? लाईट यायची वेळ झालेली असायची, किक मारली की लगेच चौथा गिअर.

आता एक गोष्ट घाबरवायला नाही, पण सांगायलाच हवी. बर्फ कधी कधी स्लायडर बंद होऊ देत नाही. रेस सोडली तरी इंजिन उतरत नाही. माझ्याबाबतीत एकदाच झालं, वळणावर. क्लच दाबा, चावी बंद करा. ब्रेकवर भरवसा ठेवून इंजिनशी झुंजू नका. अर्थात जुन्या गाडीत वाळलेली केबलसुद्धा असाच प्रकार करते. गाडी बंद असताना ॲक्सिलेटर पिळून सोडा. तो टचकन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर बर्फाला दोष देऊ नका, केबल बदला.

आणि दम जायला लागला की पूर्ण रेस पिळू नका, मी वर्षानुवर्षं तेच करायचो. कडेला घ्या, बंद पडायच्या आधीच थांबवा, चार-पाच मिनिटं जाऊ द्या. किका मारून पेट्रोल ओव्हर केलं की प्लग भिजतो आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं.

पहाटे सुरूच होत नसेल तर

तो वेगळा आजार आहे, आणि बहुतेक वेळा थंडीने निर्माण केलेला नसतो, आधीचा असतो. थोडक्यात सांगतो. जुन्या बऱ्याच शंभर सीसी गाड्यांचा सीडीआय मॅग्नेटच्या कॉईलवर चालतो, बॅटरीवर नाही. म्हणून हॉर्न वाजत नसला तरी किकला गाडी सुरू व्हायला हवी. बॅटरी बदलून सुरू न होण्याचा प्रश्न सुटणार नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा. माझ्या पुस्तिकेत इंजिन थंड असताना ०.०५ मिमी दिलंय. टॅपेट घट्ट असले की दुपारी कळत नाही, पहाटे कॉम्प्रेशन मिळत नाही. प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी, झिजून एक मिमीला गेलेली असते. ऑईल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. जाड ऑईल इंजिनला चांगलं असं समजून ट्रॅक्टरचं ऑईल टाकणारे लोक आहेत, मग किक दगडासारखी जड लागते आणि क्लच प्लेटा चिकटतात. चावी बंद ठेवून, क्लच दाबून तीन-चार किका सावकाश मारल्या की प्लेटा सुटतात आणि ऑईलही जरा फिरतं. मग चोक, मग चावी.

टायरची हवा दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय उतरते. दुपारी अठ्ठावीस अंशांत भरलेली हवा पहाटे आठ अंशांत तीन-साडेतीन पीएसआय कमी भरते. हँडल जड वाटतं ते याने. हवा पहाटेच्याच हिशेबाने भरा.

माणसाचं म्हणाल तर छातीला जॅकेटच्या आत वर्तमानपत्र, याहून स्वस्त आणि चांगला उपाय अजून निघालेला नाही. हेल्मेटची काच श्वासाच्या वाफेने आतून भरून येते तेव्हा ती वर करून चालवावं लागतं आणि डोळ्यांतून पाणी. काचेच्या आतून साबणाचं बोट फिरवून कोरड्या कापडाने पुसलं की तासभर बरं चालतं.

आता हिशेब. गेल्या हिवाळ्यात दव आणि धुक्याच्या सकाळी मोजून तेवीस भरल्या वहीत. त्यात गाडी दोनदा कुरकुरली, बंद एकदा पडली. पडली तीही माझ्याच हलगर्जीने. संक्रांतीच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीने तो पत्रा कचरा समजून काढून ठेवला होता आणि मी बघितलंच नव्हतं. त्याला बर्फाचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "भाऊ, फ्रीझमध्ये ठेवली होती का?" नंतर मात्र पत्रा त्यानेच परत लावला, माझ्यापेक्षा नीट, रबराचे वॉशर टाकून.

पत्रा होळीच्या आसपास काढतो. मार्चच्या उन्हात तो राहिला तर कार्बोरेटर तापतो आणि पेट्रोल नको तिथं उकळायला लागतं. गाडी बंद पडायचं दुसरं कारण तयार होतं. तो वहीच्या मागच्या पानाला क्लिपेने अडकवून ठेवलाय, म्हणजे कार्तिकात छाटणीनंतर नवी वही घालताना आपोआप हाताला लागेल. केबल अजून बदलायची राहिली आहे.